कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंचे आरोग्य

आपल्या घरात पत्रकारिता किंवा जनसंवादाचे शिक्षण घेणारा मुलगा वा मुलगी असेल, तर वर्षातील काही आठवडे आपल्या चांगलेच ओळखीचे असतील. बैठकीच्या खोलीत कॅमेऱ्याची तिपाई उभी राहते. ध्वनिमुद्रणात आवाज येतो म्हणून भर उन्हाळ्यात पंखा बंद होतो. कुकरची शिट्टी चित्रीकरण संपेपर्यंत लांबणीवर पडते. आणि रात्री दोन वाजता पाणी प्यायला उठावे, तर एका खोलीच्या दाराखालून निळसर उजेड येत असतो. विचारले की उत्तर ठरलेले असते : ‘‘प्रोजेक्ट आहे, आई. सोमवारी द्यायचाय.’’

या ‘प्रोजेक्ट’मध्ये बहुधा पाच ते पंधरा मिनिटांचा एक माहितीपट असतो. मात्र तेवढ्याने काम संपत नाही. माहितीपटासोबत त्याचे प्रसिद्धी-साहित्यही तयार करावे लागते : एक पोस्टर, अर्ध्या-एक मिनिटाचा ट्रेलर, कधी आकाशवाणीवर शोभेल अशी घोषणा, तर कधी एखाद्या नियतकालिकासाठी परिचयाचे पान. शेवटी, हे सारे असेच का केले, याचे लेखी विवेचन. विद्यार्थ्याला गोष्ट सांगता येते की नाही आणि ती लोकांपर्यंत पोहोचवता येते की नाही, या दोन्ही गोष्टी शिक्षकांना तपासायच्या असतात.

एका आरोग्यविषयक पाक्षिकाने या विषयात का शिरावे, असा प्रश्न आपल्याला पडेल. त्याचे कारण असे की, विषय निवडण्याची वेळ आली की अनेक मुले आरोग्याकडे वळतात, कारण दुखणे घरातच किंवा शेजारी असते. डायलिसिसला जाणारे काका, वस्तीत फिरणाऱ्या आशाताई, वसतिगृहातील जेवण, परीक्षेच्या काळातील निद्रानाश, विसरत चाललेली आजी. कॅमेरा घरातल्या माणसावर रोखला जातो आणि तो रोखणारेही घरातलेच मूल असते. अशा वेळी कॅमेऱ्यासमोर बसलेल्या माणसाचे आरोग्य आणि त्यामागे उभ्या असलेल्या मुलाचे आरोग्य, या दोहोंची काळजी घेणारे एकच ठिकाण उरते, आणि ते म्हणजे आपले घर.

एका पोस्टरची गोष्ट

माझ्या परिचयातील एका कुटुंबात घडलेला प्रसंग सांगते. नात पदवीच्या शेवटच्या वर्षात होती. आजीला चार वर्षांपासून स्मृतिभ्रंश. आजीवर माहितीपट करायचे नातीने ठरवले आणि घरच्यांनी आनंदाने होकार दिला. मुलीने मनापासून काम केले. आजीचा दिवस कसा उगवतो, तिची औषधे, तिचे तेच ते प्रश्न, सुनेने न कंटाळता दिलेली तीच ती उत्तरे, असे सारे तिने तीन आठवडे टिपले. माहितीपट बारा मिनिटांचा झाला आणि तो चांगला होता.

मग पोस्टरची वेळ आली. त्यासाठी मुलीने एक छायाचित्र निवडले. पहाटेची वेळ, आजी पलंगाच्या कडेला बसलेली, केस मोकळे आणि विस्कटलेले, नजर शून्यात. खाली एक ओळ होती. जिला स्वतःचे नावही आठवत नाही तिच्याविषयी, अशा अर्थाची. पोस्टर खरोखरच खिळवून ठेवणारे होते. गटातील मित्रमैत्रिणींनी वाहवा केली आणि दोघा-तिघांनी ते आपापल्या मोबाइलवरून पुढे पाठवलेही.

दुसऱ्या दिवशी दुपारी नातीच्या मोबाइलच्या पडद्यावर ते चित्र आजीच्या दृष्टीस पडले. तिने ते बराच वेळ न्याहाळले. स्वतःला तिने ओळखले नाही. मग ती कळवळून म्हणाली, ‘‘ही कोण गं बाई? हिला कोणी वेणी घालत नाही का?’’

स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या सुनेच्या कानी हे शब्द पडले. चार वर्षे दररोज सकाळी सासूबाईंच्या डोक्याला तेल लावून वेणी घालणारी तीच होती. छायाचित्र वेणी घालण्याच्या पंधरा मिनिटे आधीचे होते, एवढेच. त्या चित्रात खोटे काहीच नव्हते. तरीही ते चित्र त्या घराविषयी खोटे सांगत होते. या बाईला कोणी विचारत नाही, असे ते सांगत होते.

त्या संध्याकाळी घरात भांडण झाले नाही. पण कोणी फारसे बोललेही नाही. रात्री मुलगी आईपाशी येऊन बसली. पुढे काय झाले ते लेखाच्या शेवटी सांगते. तत्पूर्वी, हा प्रसंग आपल्या घरी येऊ नये किंवा आलाच तर निभावता यावा, यासाठी काही गोष्टी समजून घेऊ.

आधी कॅमेऱ्यामागच्या मुलाविषयी

चित्रपटाच्या ध्यासापायी शरीराकडे दुर्लक्ष होणे आपल्याकडे नवे नाही. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांनी १९११ मध्ये मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला आणि त्या माध्यमाने त्यांना झपाटून टाकले. रोज तासन्‌तास चित्रपट पाहायचे, उरलेल्या वेळात प्रयोग करायचे आणि झोप अवघी तीन तास, असा क्रम त्यांनी चालवला. त्याचा परिणाम डोळ्यांवर झाला; काही काळ त्यांची दृष्टी जवळजवळ गेली. वेळेवर उपचार मिळाले आणि डॉक्टरांनी दिलेल्या चष्म्यांच्या आधाराने ते पुन्हा कामाला लागले. १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ झाला, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याआधी त्या डोळ्यांना मोजावी लागलेली किंमत सहसा सांगत नाही.

आजच्या विद्यार्थ्याच्या डोळ्यांवर, कानांवर, पाठीवर आणि झोपेवरही तोच भार पडतो, आणि त्यातला सर्वांत मोठा भार संकलनाचा असतो. दहा मिनिटांच्या माहितीपटासाठी अनेक तासांचे चित्रण झालेले असते. ते पुन्हा पुन्हा पाहून त्यातून निवड करायची असते. म्हणूनच पुढील चार गोष्टींकडे आपण लक्ष ठेवावे.

पहिली गोष्ट झोप. चौदा ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज आठ ते दहा तास आणि अठरा वर्षांवरील तरुणांना सात ते नऊ तास झोप लागते. सलग सतरा-अठरा तास जागे राहिलेल्या माणसाची प्रतिक्रिया देण्याची गती, थोडे मद्य घेतलेल्या माणसाइतकी मंदावते, असे प्रयोगांत आढळले आहे. मध्यरात्रीनंतर केलेले संकलन सकाळी पुन्हा करावे लागते, हा तर प्रत्येक संकलकाचा अनुभव. त्यात रात्री अकराला घेतलेली कॉफी भर घालते. कॅफिनचा निम्मा अंश पाच-एक तासांनंतरही शरीरात उरलेला असतो. ‘‘झोप आता’’ असे सांगून मुले ऐकत नाहीत, हे आपण जाणतोच. त्याऐवजी, ‘‘हा भाग उद्या सकाळी सहाला कर, मी उठवते आणि चहा देते’’, असे सांगून पाहावे.

दुसरी गोष्ट डोळे. पडद्याकडे एकाग्र होऊन पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते. त्यामुळे डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात आणि डोके दुखते. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फूट, म्हणजे साधारण सहा मीटर, दूर पाहावे हा नियम साधा आणि उपयोगी आहे. गॅलरीतून समोरच्या झाडाकडे पाहिले तरी पुरते. खोलीतला दिवा मालवून केवळ पडद्याच्या उजेडात काम करण्याची सवय मात्र मोडावी.

तिसरी गोष्ट कान. बारीक आवाज ऐकू यावेत म्हणून मुले हेडफोनचा आवाज वाढवत नेतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढ व्यक्तीने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित मानले जाते. हाच आवाज ९० डेसिबल झाला, तर ही मर्यादा आठवड्याला अवघ्या चार तासांवर येते. ध्वनीचे काम सकाळी, घर शांत असताना केले तर आवाज वाढवावाच लागत नाही. काम संपल्यावर कानात शिट्टी वाजल्यासारखे वाटत असेल, तर तो इशारा समजावा आणि त्या दिवशी कानांना विश्रांती द्यावी. हे वारंवार होऊ लागले, तर कान-नाक-घसातज्ज्ञांना दाखवावे.

चौथी गोष्ट पाठ आणि पोट. पलंगावर मांडीवर लॅपटॉप घेऊन पाच तास बसलेल्या मुलाची मान दुखणारच. लॅपटॉपखाली चार जाड पुस्तके ठेवून पडदा डोळ्यांच्या पातळीला आणावा आणि वेगळा कळफलक जोडावा. दर तासाला पाच मिनिटे चालावे. चित्रीकरणाच्या दिवशी वडापाव आणि शीतपेयावर दिवस निघतो. गटातील पाच जणांना पुरतील एवढे ठेपले, दशम्या किंवा गूळ-शेंगदाण्याचे लाडू डब्यात दिले, तर त्या दिवसाचे चित्रीकरणही नीट होते. उन्हात काम असेल, तर प्रत्येकाजवळ पाण्याची बाटली असावी आणि भर दुपारची वेळ टाळावी.

मनावरचा भार

शरीराचा शीण दिसतो. मनाचा लवकर दिसत नाही. वीस वर्षांचे मूल एखाद्या कर्करोगग्रस्ताची मुलाखत घेते, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीशी बोलते किंवा व्यसनमुक्ती केंद्रात दिवस काढते. डॉक्टर, परिचारिका किंवा समुपदेशक यांना दुसऱ्याचे दुःख ऐकण्याचे शिक्षण मिळालेले असते. या मुलांना ते नसते. शिवाय संकलन करताना तेच रडणे, तेच हुंदके ती पन्नास वेळा ऐकतात. मुलाखत घेताना एकदा ऐकलेले दुःख, संकलनाच्या टेबलावर रोज नव्याने ऐकावे लागते.

मूल अबोल झाले, चिडचिड करू लागले, जेवणावरून मन उडाले, तेच प्रसंग स्वप्नात येऊ लागले, तर ‘‘कामाचा ताण असेल’’ म्हणून सोडून देऊ नका. ‘‘आज कोणाला भेटलास? काय म्हणाले ते?’’ एवढे विचारा आणि मध्ये न बोलता ऐका. उपाय सुचवण्याची घाई करू नका. कठीण मुलाखतींना एकट्याने न जाता दोघांनी जावे आणि अशी दृश्ये रात्री झोपण्यापूर्वी संकलित करू नयेत, हे दोन नियम गटाने पाळावेत. ही लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर समुपदेशकाची मदत घ्यावी. त्याआधीही गरज वाटल्यास थांबू नये. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे आणि तेथे मराठीतूनही बोलता येते.

संमती म्हणजे केवळ सही नव्हे

आता कॅमेऱ्यासमोरच्या माणसाकडे वळू. ‘‘आजी, तुझं शूटिंग करू?’’ ‘‘कर की, बाळा.’’ एवढ्या संवादाला मुले संमती समजतात. आजीने होकार दिला तो नातवंडावरच्या मायेपोटी. आपले बोलणे महाविद्यालयाच्या सभागृहात शंभर जण पाहणार आहेत, त्याचा तुकडा मोबाइलवरून गावभर फिरू शकतो आणि एकदा गेलेला तो परत आणता येत नाही, हे तिला कोणी सांगितलेले नसते.

खरी संमती तीनदा घ्यावी. प्रथम चित्रीकरणापूर्वी : विषय काय, कोण पाहणार, किती काळ लागणार, हे साध्या भाषेत सांगून. दुसऱ्यांदा संकलन झाल्यावर : त्या व्यक्तीला तिचा भाग दाखवून. आणि तिसऱ्यांदा प्रसिद्धी-साहित्य बाहेर जाण्यापूर्वी : पोस्टर व ट्रेलर स्वतंत्रपणे दाखवून. पहिल्या दोन पायऱ्या अनेक मुले पाळतात. तिसरी बहुतेक सर्वच विसरतात. माहितीपटात दिसायला तयार असलेला माणूस पोस्टरवर झळकायला तयार असेलच असे नाही. आणि कोणत्याही पायरीवर ‘नको’ म्हणण्याचा अधिकार त्याला आहे, हे आधीच सांगायला हवे.

स्मृतिभ्रंशासारख्या आजारात प्रश्न अधिक नाजूक होतो. अशा व्यक्तीची समज दिवसाच्या वेळेनुसारही कमीअधिक होते. अनेकांना सायंकाळी अस्वस्थता वाढते. म्हणून घरातील जबाबदार व्यक्तीची परवानगी घ्यावीच, परंतु तेवढ्यावर थांबू नये. जेव्हा मन स्वच्छ असेल अशा वेळी त्या व्यक्तीलाही विचारावे, आणि दर वेळी नव्याने विचारावे. चित्रीकरण सुरू असताना तिने तोंड फिरवले, पदर ओढून घेतला, उठून जाऊ पाहिले, तर तो नकारच समजावा आणि कॅमेरा बंद करावा.

काही ठिकाणी कायद्यानेच मर्यादा घातल्या आहेत. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार मनोरुग्णालयात उपचार घेत असलेल्या व्यक्तीचे छायाचित्र किंवा माहिती तिच्या संमतीविना माध्यमांना देता येत नाही. एखाद्या व्यक्तीला एचआयव्हीची बाधा आहे हे तिच्या माहितीपूर्ण संमतीविना उघड करण्यास २०१७ च्याच स्वतंत्र कायद्याने मनाई आहे. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या बालकांची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे. इतर बाबतीतही अठरा वर्षांखालील मुलांचे चित्रण पालकांच्या लेखी परवानगीनेच करावे. रुग्णालयात चित्रीकरण करायचे तर व्यवस्थापनाची लेखी परवानगी हवी. आणि आपला रुग्ण तयार असला, तरी शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाने कोणालाही होकार दिलेला नसतो, हे कॅमेरा फिरवताना लक्षात ठेवावे. चेहरा धूसर केला तरी आवाज, घराचा दरवाजा, गळ्यातील दागिना यांवरून गावातला माणूस ओळखला जातो.

पोस्टरचा मोह

माहितीपट बारा मिनिटांचा असतो; पोस्टर बारा सेकंदही कोणी पाहत नाही. माहितीपट शंभर जण पाहतात. पोस्टर हजारोंच्या नजरेखालून जाते. त्यामुळे सर्वांत कमी अवकाशात सर्वांत जास्त माणसांना काय सांगायचे, हे ठरवणारी जागा म्हणजे पोस्टर आणि ट्रेलर. मोह होतो तो नेमका इथेच. डोळ्यांतले पाणी, हातातली सुई, विस्कटलेले केस, पार्श्वभूमीला थरारक संगीत. ‘‘यातलं खरं नाही असं काय आहे?’’ असे मूल विचारेल, आणि त्याचे म्हणणे शब्दशः बरोबर असेल.

माध्यमांच्या वर्गांत वारंवार दाखवल्या जाणाऱ्या एका माहितीपटाचे उदाहरण पाहा. अमेरिकेतील मॉर्गन स्परलॉक यांनी २००४ मध्ये ‘सुपर साइज मी’ प्रदर्शित केला. ३० दिवस त्यांनी केवळ मॅकडोनाल्ड्‌समधील पदार्थ खाल्ले, त्यांचे वजन सुमारे ११ किलोंनी वाढले आणि यकृताच्या तपासण्यांनी डॉक्टरांना काळजीत टाकले. तळलेल्या बटाट्याच्या काड्या तोंडात कोंबलेला त्यांचा चेहरा असलेले पोस्टर जगभर गाजले. जंक फूडविषयी लोक विचार करू लागले, हे त्याचे श्रेय निःसंशय आहे. परंतु २०१७ मध्ये स्परलॉक यांनी स्वतःच आपल्या दीर्घकाळच्या मद्यपानाची जाहीर कबुली दिली. माहितीपटात ही गोष्ट प्रेक्षकांना सांगितलेली नव्हती. यकृतावर झालेल्या परिणामांत अन्नाचा वाटा किती आणि मद्याचा किती, हा प्रश्न मग उभा राहिला. जंक फूडचे दुष्परिणाम त्यामुळे खोटे ठरत नाहीत; परंतु एक गोष्ट झाकली गेली की उरलेल्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास डळमळतो. आरोग्याच्या विषयात तर हा विश्वास गमावणे फार महागात पडते, कारण पाहणारा त्यावरून आपले औषध-पथ्य ठरवत असतो.

त्याच कारणाने, एखाद्या काढ्याने मधुमेह ‘मुळापासून’ गेला, असे सांगणारा शेजारी माहितीपटात घेताना सावध राहावे. त्याचा अनुभव त्याचा म्हणून दाखवता येईल, पण तेच वाक्य पोस्टरवर गेले की ती जाहिरात होते. मधुमेह, कर्करोग यांसारखे आजार बरे करण्याचा दावा करून औषधांची जाहिरात करण्यास आपल्याकडे १९५४ पासून कायद्याने बंदी आहे. असा दावा असेल, तर त्या विषयातील पात्र डॉक्टरांचे म्हणणेही माहितीपटात असावे, आणि पोस्टरवर तो दावा नसावा.

मग पोस्टर नीरस करावे का? मुळीच नाही. पुन्हा फाळक्यांकडेच पाहू. चित्रपटासाठी भांडवल हवे होते. धनिकांचा विश्वास बसत नव्हता. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा समोर ठेवून महिनाभराहून अधिक काळ त्याची वाढ थोडी थोडी टिपली. सुमारे एका मिनिटाच्या त्या लघुपटात अंकुर डोळ्यांदेखत वाढताना दिसे. एका परीने तो माहितीपट होता आणि प्रसिद्धी-साहित्यही तोच होता. त्याने भांडवल मिळवून दिले, आणि ते मिळवताना त्यात काहीही फुगवावे लागले नाही. खरी गोष्ट धीराने पाहिली तर ती स्वतःच चित्तवेधक असते, याचा इतका जुना आणि इतका आपला दाखला दुसरा नाही.

विद्यार्थ्यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या आरोग्यविषयक माहितीपटाचे अलीकडचे उदाहरणही आहे. अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथील ओकवुड शाळेच्या विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या शिक्षिका मेलिसा बर्टन यांनी पैसे जमवून उत्तर प्रदेशातील हापूर जिल्ह्यातल्या एका गावासाठी सॅनिटरी पॅड बनवण्याचे यंत्र मिळवून दिले. कोइमतूरच्या अरुणाचलम मुरुगनंतम यांनी तयार केलेले हे कमी खर्चाचे यंत्र. त्यातूनच रायका झेहताबची दिग्दर्शित ‘पीरियड. एंड ऑफ सेंटेन्स.’ हा माहितीपट झाला आणि २०१९ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट लघुमाहितीपटाचे ऑस्कर मिळाले. पाळीविषयी बोलताना लाजणाऱ्या स्त्रिया त्यात आहेत. पण त्याच स्त्रिया यंत्र चालवतात, पॅड विकायला जातात, कमावतात. प्रेक्षक त्यांची कीव करत नाही, त्यांचे कौतुक करतो. आजार, अडचण किंवा लाज दाखवत असतानाही माणसाला कर्ता म्हणून दाखवता येते, हे त्यातून मुलांना शिकण्यासारखे आहे.

घराने करण्याजोगे

आपल्याला कॅमेरा येत नसेल, संकलन कळत नसेल. तरी काही बिघडत नाही. आपण तीन कामे करावीत.

एक, वेळापत्रक भिंतीवर लावून घ्यावे. चार आठवड्यांचा प्रकल्प असेल, तर पहिला आठवडा विषय, वाचन आणि परवानग्यांसाठी, दुसरा चित्रीकरणासाठी, तिसरा संकलनासाठी आणि चौथा पोस्टर, ट्रेलर व दुरुस्त्यांसाठी. मुले पोस्टर शेवटच्या रात्री करतात. थकलेल्या मनाला तेव्हा सर्वांत भडक चित्रच सर्वांत चांगले वाटते. पोस्टरसाठी किमान तीन दिवस राखून ठेवले, तर निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

दोन, माहितीपटाचा पहिला खेळ घरी व्हावा. जेवणे आटोपल्यावर सर्वांनी एकत्र बसून पाहावे. ज्याच्यावर माहितीपट आहे तो माणूस शक्यतो तेथे असावा. चुका काढू नयेत. प्रत्येकाने ‘‘हे पाहून मला काय वाटले’’ एवढेच सांगावे.

तीन, पोस्टर समोर ठेवून मुलाला तीन प्रश्न विचारावेत. या चित्रातला माणूस हे पोस्टर स्वतःच्या घराच्या भिंतीवर लावू देईल का? माहितीपट न पाहता केवळ हे पोस्टर पाहणाऱ्याचा गैरसमज होईल का? आणि पाच वर्षांनी हे चित्र पुन्हा समोर आले, तर कोणाला मान खाली घालावी लागेल का? उत्तर मात्र मुलालाच शोधू द्यावे. आपण बंदी घातली, तर मूल पुढच्या वेळी आपल्याला पोस्टर दाखवणारच नाही.

वाती

आता त्या घराकडे परत जाऊ. त्या रात्री मुलगी आईला म्हणाली, ‘‘मी काढून टाकते ते चित्र. पण मग पोस्टरवर घालू काय? बाकीचं सगळं साधंच आहे.’’ आईने उपदेश केला नाही. ‘‘तू जे जे काढलं आहेस ते सगळं मला दाखव,’’ एवढेच ती म्हणाली. दोघी बसून पाहू लागल्या. दुसऱ्या तासात एक दृश्य आले : दुपारची उन्हे, समोर कापूस आणि आजीचे हात. आजी वाती वळत होती. नाव विसरलेली, दिवस विसरलेली, पण बोटे चुकत नव्हती. स्मृतिभ्रंशात घटना आणि नावे आधी पुसली जातात. हातांना वर्षानुवर्षे मुरलेली कामे तुलनेने पुष्कळ काळ टिकतात. डॉक्टरांनी हे त्या कुटुंबाला कधीतरी सांगितले होते. मुलीला ते आता दिसले.

नव्या पोस्टरवर केवळ ते दोन हात होते, बोटांमधली अर्धवट वळलेली वात होती आणि खाली एकच ओळ : आजी अजून वाती वळते. आधीचे पोस्टर ज्यांनी पुढे पाठवले होते, त्या प्रत्येकाला मुलीने स्वतः फोन करून ते काढून टाकायची विनंती केली. ते सर्व ठिकाणांहून गेले की नाही, हे तिला कधीच कळणार नाही, आणि ही बोच तिच्या मनात राहिली आहे. ती राहावी, असे मलाही वाटते.

महाविद्यालयात माहितीपट दाखवला गेला त्या दिवशी आजी पहिल्या रांगेत बसली होती, तेल लावून घट्ट वेणी घातलेली. पडद्यावर आपले हात आले, तेव्हा ती सुनेच्या कानाशी लागून म्हणाली, ‘‘ही बाई वाती छान वळते हो.’’

आपल्या घरात तिपाई उभी राहील, पंखा बंद होईल, तेव्हा थोडी गैरसोय सोसा. मुलाला वेळेवर जेवायला आणि झोपायला लावा. आणि पोस्टर तयार झाले की, ते बाहेर जाण्यापूर्वी, ज्याचे आहे त्याला आधी दाखवायला सांगा.